पावणेतीन वर्षं झाली, क्लेमचा निकाल का लागत नाही?

सांगली जिल्ह्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्यांच्या यजमानांचं गावात ग्रिल-गेट बनवण्याचं छोटं वर्कशॉप होतं. पावणेतीन वर्षांपूर्वी दुचाकीवरून घरी येताना मालवाहू टेम्पोने त्यांना उडवलं. उजव्या पायाची नडगी दोन ठिकाणी मोडली. रॉड बसवला, जखम चिघळली, पुन्हा ऑपरेशन झालं. गुडघा आजही पूर्ण वाकत नाही. तेव्हा त्यांचं वय ३८ होतं. दवाखान्याची बिलंच २ लाख ८० हजारांची झाली. त्यासाठी दागिने गहाण पडले, बचत गटाचं कर्ज डोक्यावर बसलं. अपघातानंतर पाचव्या महिन्यात क्लेम टाकला, तेव्हापासून फक्त तारखा पडत आहेत. आता विमा कंपनी पुढच्या लोक अदालतीत साडेचार लाख द्यायला तयार आहे. दीर म्हणतात, मिळतायत ते घेऊन टाका. वकील म्हणतात, थांबा. ताई लिहितात, ‘वकील समोरच्यांना मिळालेत असं आता गावात उघड बोलतात. आमच्या केसमध्ये दम नाही म्हणून एवढा उशीर लागतोय का? की पोलीस केस संपल्याशिवाय पैसे मिळतच नाहीत? पैसे घ्यावेत की थांबावं, एवढंच सांगा.’ आणि शेवटी, कोपऱ्यात लिहिल्यासारखी एक ओळ: ‘वकिलांनी अपंगत्वाचा दाखला आणायला सांगितलाय, पण हे येत नाहीत. मी काय लंगडा आहे का, म्हणतात.’

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा त्या शेवटच्या ओळीवर बराच वेळ थांबले. तिच्याकडे मी येणार आहे. त्याआधी, मी कोण म्हणून हे सांगते आहे ते सांगते. मोटार अपघात दाव्यांच्या न्यायाधिकरणात मी बरीच वर्षं वकिली केली. त्यातली सुरुवातीची काही वर्षं विमा कंपनीच्या बाजूने, नंतरची सगळी जखमींच्या बाजूने. त्यामुळे साडेचार लाखांचा आकडा टेबलाच्या पलीकडे कसा तयार होतो, हे मी पाहिलेलं आहे.

आधी पोलीस केसची भीती काढून टाकू. टेम्पोचालकावरचा फौजदारी खटला वेगळा आणि तुमचा भरपाईचा दावा वेगळा. फौजदारी कोर्टात गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. तुमच्या दाव्यात चूक बहुधा कुणाची होती, एवढं पुराव्यावरून दिसलं तरी पुरतं. एक कोर्ट दुसऱ्यासाठी अडून राहत नाही. तुम्हाला पोलिसांकडून लागतात ते फक्त कागद: एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, दोषारोपपत्राची नक्कल. एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. तुमच्या फाइलमध्ये तो सविस्तर अहवाल लागला आहे का, हे वकिलांना जरूर विचारा.

आता उशीर आणि दम यांची सांगड. तुम्ही असं धरून चालला आहात की केस मजबूत असती तर निकाल लवकर लागला असता. माझा अनुभव वेगळा आहे. पाय किरकोळ मोडलेल्यांचे दावे पटकन मिटतात, कारण भांडायला फारसं काही नसतं. ज्यात माणसाची पुढची वीस-पंचवीस वर्षं मोजायची असतात, तो दावा लांबतो.

तुमच्या पत्रातून मला उशिराची चार ठिकाणं दिसली.

पहिलं म्हणजे स्वतः पाय. पहिलं ऑपरेशन, मग पू, मग रॉड बदलणं, मग फिजिओथेरपी, यात दीड वर्ष गेलं असं तुम्हीच लिहिलं आहे. त्या दीड वर्षात निकाल लागला नाही हे तुमच्या भल्याचंच झालं, असं मी म्हणेन. भरपाई एकदाच ठरते. उद्या रॉड काढायला पुन्हा टेबलावर झोपावं लागलं तर ‘आणखी साठ हजार लागले’ असं सांगायला परत कोर्टात जाता येत नाही. म्हणून कायमचं किती नुकसान राहिलं हे डॉक्टर सांगू शकतील तोवर दावा पिकत नाही. कच्च्या पायावर झालेली तडजोड मी पाहिली आहे. पैसे घेऊन वर्षही झालं नव्हतं आणि त्या माणसाचा पाय घोट्यापासून काढावा लागला. त्याच्या बायकोने मला विचारलं होतं, आता काय करता येईल? काहीही करता येत नव्हतं.

दुसरं, टेम्पोचा मालक. तो विजयपूर भागातला, त्याच्या नावाची नोटीस दोनदा ‘घर बंद’ शेरा घेऊन परत आली, असं तुम्ही लिहिता. हे अगदी नेहमीचं आहे. गाडी विकलेली असते, आरटीओत नाव बदललेलं नसतं, पत्ता जुना असतो. पण मालकाला नोटीस बजावल्याशिवाय काम पुढे गेलं तर निकाल लागल्यावर तोच येऊन ‘मला काही कळवलंच नाही’ म्हणून सगळं उलटं करायला पाहतो. त्यावर उपाय आहे: वर्तमानपत्रातून जाहीर नोटीस देण्याची परवानगी मागायची. हा अर्ज दिला का, कधी दिला, ते विचारा. दिलाच नसेल तर तेवढ्यापुरती तुमची तक्रार रास्त आहे.

तिसरं, लायसन. चालकाकडे हलक्या वाहनाचं लायसन होतं आणि टेम्पो मालवाहतुकीचा, म्हणून आमची जबाबदारी नाही, असं विमा कंपनीने लेखी म्हणण्यात लिहिलं आहे. हा वाद तुमच्या एकट्यांचा नव्हता. देशभरच्या किती तरी दाव्यांत तो अनेक वर्षं घोळत होता. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो मिटवला. साडेसात हजार किलोपर्यंत वजनाचं मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या लायसनवर चालवता येतं, असा तो निकाल आहे. तुमच्या टेम्पोचं एकूण वजन आरसी बुकात लिहिलेलं असतं. ते या मर्यादेत असेल तर कंपनीचा हा मुद्दा आता उरलेला नाही, आणि तिने बोलणी सुरू करण्यामागे हेही एक कारण असू शकतं.

हेल्मेटचंही लिहिता. यजमानांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं म्हणून पैसे कापणार, असं कंपनीचा माणूस म्हणाला. इजा पायाला आहे, ताई. हेल्मेटने नडगी वाचत नाही. दंड भरायचा तो वाहतूक पोलिसांकडे, या दाव्यात त्यावरून फार घाबरू नका.

आणि चौथं ठिकाण तो दाखला. त्यासाठी आधी थोडा हिशोब मांडते. तो तुमच्यासारख्या इतर घरांनाही उपयोगी पडेल, म्हणून सविस्तर लिहिते.

काम करून खाणाऱ्या माणसाला कायमचं अपंगत्व आलं की भरपाईचा मोठा भाग असा निघतो: वर्षाची कमाई, तिच्यात पुढच्या वाढीची भर, गुणिले वयानुसार ठरलेला आकडा, आणि त्यातला कमाईची क्षमता जितकी गेली तितका टक्का. वयाचा आकडा सुप्रीम कोर्टाने २००९ च्या सरला वर्मा खटल्यात पक्का केला. ३६ ते ४० वयाला तो १५ आहे. पुढच्या वाढीची भर २०१७ च्या प्रणय सेठी खटल्यातली: स्वतःचा धंदा असणाऱ्या, चाळिशीच्या आतल्या माणसाला ४० टक्के. म्हणजे दोन आकडे वादाच्या बाहेर आहेत. सगळी लढाई उरलेल्या दोन आकड्यांची आहे, कमाई किती आणि टक्का किती.

तुम्ही म्हणता महिन्याला १८ हजार सुटायचे. वर्षाचे २ लाख १६ हजार. ४० टक्के भर घातली की ३ लाख २ हजार ४००. गुणिले १५, म्हणजे ४५ लाख ३६ हजार. समजा पायाचं अपंगत्व ३६ टक्के निघालं. कंपनी म्हणेल, पाय म्हणजे पूर्ण शरीर नव्हे, तिसरा हिस्सा धरा, १२ टक्के. तसं धरलं तर ५ लाख ४४ हजार होतात. तुमचे वकील म्हणतील, वेल्डिंग करणाऱ्याला दिवसभर उकिडवं बसावं लागतं, शिडीवर चढून ग्रिल बसवावी लागते, कमाईची क्षमता ३० टक्के तरी गेली. तसं धरलं तर १३ लाख ६० हजार. आणि कमाईचा कागद नाही म्हणून न्यायाधिकरणाने महिन्याला १२ हजारच धरले तर? १२ टक्क्यांनी ३ लाख ६३ हजार, ३० टक्क्यांनी ९ लाख ७ हजार. माणूस एक, पाय एक, आणि आकडा साडेतीन लाखांपासून साडेतेरा लाखांपर्यंत कुठेही. दवाखान्याची बिलं, बुडालेले महिने, वेदनांची भरपाई, पुढच्या ऑपरेशनचा खर्च हे सगळं याच्या वर.

आता ते साडेचार लाख पुन्हा पाहा. त्यात सगळं आलं, असं तुम्ही लिहिलं आहे. २ लाख ८० हजार तर दवाखान्यात गेलेच आहेत. मग पायाचे म्हणून किती उरले? १ लाख ७० हजार. बचत गटाचं कर्ज फेडून दागिने सोडवले की हातात काय राहील, ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं मोजाल.

कंपनीने एवढा कमी आकडा का सांगितला? पलीकडच्या बाजूला असताना मी हेच करत असे: फाइल उघडायची आणि टक्क्याचा कागद शोधायचा. तो नसला की अपंगत्व सिद्धच नाही असं धरून बिलांवर थोडं वाढवून आकडा द्यायचा. त्यात कुणाशी वैर नव्हतं, आणि अर्जदाराच्या वकिलाला कुणी विकत घेतलेलंही नव्हतं. कागद नव्हता, एवढंच. आज तुमच्या फाइलमध्ये तो कागद नाही. तो नसेल तोवर डॉक्टरांची साक्ष होऊ शकत नाही, ती झाल्याशिवाय पुरावा संपत नाही, आणि पुरावा संपल्याशिवाय निकाल नाही. वकील जेव्हा ‘थांबा’ म्हणतात तेव्हा त्यांना बहुधा हेच म्हणायचं आहे. त्यांनी ते नीट उलगडून सांगितलं नाही, ही त्यांची चूक.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी तुमच्या घरात शोधावं लागेल, आणि ते अवघड आहे हे मला समजतं. ज्या माणसाने दोन हातांनी गावातली निम्मी गेटं बनवली, त्याला सिव्हिल हॉस्पिटलच्या रांगेत उभं राहून स्वतःवर टक्के लिहून आणायला आपण सांगतो आहोत. ‘मी काय लंगडा आहे का’ हा राग नाही, दुखणं आहे. त्याच्याशी वाद घालू नका. भाऊजींना मध्ये घालूनही बोलू नका, त्यांच्यासमोर ते आणखी आखडतील.

त्यांना एवढं सांगून पाहा: हा दाखला तुम्ही कोण आहात ते सांगत नाही, टेम्पोने काय नेलं ते सांगतो. २०१० च्या राजकुमार खटल्यात सुप्रीम कोर्टाने हाच फरक उलगडून सांगितला आहे. डावा हात गेला तर सुतार किंवा ड्रायव्हर यांची जवळजवळ सगळी कमाई जाते, कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. म्हणजे कोर्ट अपंगत्व मोजतं ते माणसाच्या कामाच्या मापाने. यजमानांचं काम कसबाचं आणि अंगमेहनतीचं होतं, हेच त्यांच्या बाजूचं सगळ्यात भक्कम म्हणणं आहे. ते सांगायला त्यांनी स्वतः साक्षीला उभं राहायला हवं. काम कसं करायचे, कुठे बसायचे, आता काय जमत नाही. माझ्या पाहण्यात असं झालं आहे, की दोन वर्षं गप्प बसलेला माणूस साक्षीच्या पिंजऱ्यात आपल्या कामाबद्दल बोलताना पहिल्यांदा ताठ उभा राहिला.

दाखल्यासोबत कमाईचे कागद गोळा करा, तुमचं खरं काम तिथे आहे. इन्कम टॅक्सचं रिटर्न नाही म्हणता, असू दे. लोखंड ज्या दुकानातून घ्यायचे त्याची बिलं, गॅस सिलिंडरच्या पावत्या, वर्कशॉपच्या व्यापारी मीटरचं वीजबिल, बँकेचं पासबुक, मोबाइलवर आलेल्या पैशांच्या नोंदी, ग्रामपंचायतीचा दाखला, शाळेचं किंवा सोसायटीचं गेट केलं असेल तर तिथल्या व्हाउचरची नक्कल. अपघातानंतर वीजबिल एकदम उतरलेलं असेल, तेही दाखवा. काम थांबल्याचा तो पुरावाच आहे. एकेका कागदाने कदाचित काही होणार नाही. पण १२ हजार आणि १८ हजार यांच्यामधलं अंतर याच चिठ्ठ्याचपाट्यांनी भरतं.

वकिलांबद्दल. ते मिळालेले आहेत का, हे मी इथे बसून सांगू शकत नाही आणि गावही सांगू शकत नाही. तपासायचा मार्ग मात्र आहे. ‘निकाल कधी?’ हे विचारणं सोडा, त्याचं उत्तर कुणाकडेच नसतं. ‘मागच्या तारखेला काय झालं, पुढच्या तारखेला काय आहे आणि त्यासाठी आम्ही काय आणायचं?’ असं विचारा. तुमच्या केसचा सोळा अक्षरी सीएनआर नंबर, म्हणजे कोर्टाने केसला दिलेला ओळख क्रमांक, मागून घ्या. तो ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपमध्ये टाकला की प्रत्येक तारीख कशासाठी होती हे मुलगाही घरी बसून बघू शकेल. तारखा सारख्या तुमच्या वकिलांच्याच अर्जावरून पुढे गेलेल्या दिसल्या तर त्यांना स्पष्ट जाब विचारा, आणि समाधान झालं नाही तर वकील बदलण्याचा तुम्हाला हक्क आहे. त्यांची लेखी नाहरकत घेऊन नवं वकीलपत्र द्यायचं असतं. फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि दाव्याचे अर्जदार यजमान असल्याने त्यांना अपंगत्वाच्या किंवा उत्पन्नाच्या निकषावर मिळू शकतो. १५१०० या नंबरवर फोन केला तरी माहिती देतात.

भरपाईत टक्केवारी मागणारा कुणी दवाखान्यात किंवा कोर्टाच्या आवारात भेटला असेल, तर त्याच्याशी बोलणं तिथेच थांबवा. निकालातल्या रकमेचा हिस्सा फी म्हणून ठरवायला वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे.

आता लोक अदालत. ती वाईट नाही, मी स्वतः तिथे पुष्कळ दावे मिटवले आहेत आणि लोक समाधानाने घरी गेले आहेत. पण तिथे झालेल्या निवाड्यावर अपील नसतं. तडजोडीच्या पुरशीसवर, म्हणजे कोर्टात द्यायच्या लेखी निवेदनावर, सही झाली की विषय संपला. नाही म्हटलंत तर काहीच बिघडत नाही, फाइल होती तशी न्यायाधिकरणात परत जाते. राष्ट्रीय लोक अदालत वर्षातून अनेकदा भरते. म्हणून या वेळी हात जोडून ‘पुढच्या वेळी बसू’ म्हणा आणि दाखला, कमाईचे कागद, पुढच्या ऑपरेशनच्या खर्चाचं सर्जनच्या लेटरहेडवरचं पत्र घेऊन बसा. मला विचाराल तर त्या फाइलवर मी साडेचारला सही करणार नाही. कागद पूर्ण झाल्यावर मनाजोगता आकडा आला तर मात्र ताणणार नाही. निकालानंतर कंपनी हायकोर्टात अपिलात जाऊ शकते, आणि मग आणखी वर्षं जातात. आज हातात आलेल्या पैशांनाही किंमत आहे, भाऊजींच्या म्हणण्यात एवढं तथ्य आहेच. अंतिम निकालात दाव्याच्या तारखेपासून व्याज धरलं जातं, साधारण सहा ते नऊ टक्के दिसतं. पण बचत गटाचं आणि सोनेतारणाचं व्याज त्याहून जास्त असतं. त्यामुळे व्याज वाढतंय म्हणून निवांत बसा, असं मी कधीच सांगणार नाही.

एक सूचना तुमच्यासारख्या नव्या घरांसाठी. अपघात झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करा. या मुदतीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे, पण त्याच्या भरवशावर कुणी राहू नये. तुम्ही पाचव्या महिन्यात टाकलात, ते अगदी योग्य केलंत. गंभीर दुखापतीला कायद्यात अडीच लाखांची ठरलेली रक्कम आहे, तिला चूक सिद्ध करावी लागत नाही आणि ती लवकर मिळते असं कुणी सुचवेल. ती स्वीकारली की मोठा दावा संपतो, हे आधी नीट समजून घ्या.

दाखल्यासाठी सिव्हिलमध्ये अस्थिरोग तपासणीचे वार ठरलेले असतात, आधी फोन करून विचारा. ज्यांनी ऑपरेशन केलं त्या सर्जनना सगळ्यात आधी भेटा. त्यांना साक्षीला कोर्टात यायला सवड नसेल, तर त्यांच्या दवाखान्यात कमिशनमार्फत, म्हणजे कोर्टाने नेमलेल्या माणसाकडून, जबाब घेता येतो, तसा अर्ज वकिलांना द्यायला सांगा. पायाच्या एक्स-रेच्या फिल्म सोबत न्या, पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या. नुसते रिपोर्ट चालत नाहीत. आणि त्या दिवशी यजमानांना म्हणा, वर्कशॉपमधला तुमचा एखादा जुना फोटो पण घ्या, उकिडवं बसून वेल्डिंग करतानाचा. तो वकिलांना द्यायचा आहे.